तळाकडून उघडलेली खोकी

बाबा, तुमची गाडी चालली. मागच्या रविवारी, नव्या घराच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून, लादीवर रूळ जोडून. हे तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहायला बसले आहे, आणि लगेच हेही लिहायला हवं की ती मी चालवली नाही. वहिनीने चालवली. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं धरून उभी होते. इंजिन पहिल्या वळणावर नीट वळलं तेव्हा दादाने टाळ्या वाजवल्या, त्याची मुलगी किंचाळली, आई डोळ्यांना पदर लावून हसली, आणि मी तोंड फिरवलं. ‘बाबांची आठवण आली,’ असं मी आईला सांगितलं. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पण तुम्हाला खोटं लिहून काय उपयोग? तो मत्सर होता. शेजारच्या बाकावरच्या मुलीला बाईंनी वही दाखवायला पुढे बोलावलं की व्हायचा तसा, अगदी शाळकरी मत्सर.

तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पहिल्यांदा झाला तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. दिवाळीची सुट्टी होती, आई गावाहून आलेल्या आत्याबरोबर खरेदीला गेली होती, दादा चाळीच्या मुलांबरोबर किल्ला करण्यात गुंतला होता, म्हणून तुम्ही मला कामावर घेऊन गेलात. लालबागला बस पकडली, गिरगावात उतरलो, आणि तुमचं बोट धरून मी त्या खेळण्यांच्या दुकानात शिरले, जिथे तुम्ही माझ्या जन्माआधीपासून काउंटरमागे उभे राहत होतात. घरी तुम्ही कमी बोलणारे. आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून बसायचात आणि आई विचारेल तेवढ्याला हो-नाही म्हणायचात. दुकानात जो माणूस पाहिला तो मला माहीतच नव्हता. मागच्या बाजूला हिरवं कापड लावलेलं टेबल होतं, त्यावर लंबगोल रूळ, बोगदा, बोटाएवढं स्टेशन, आणि परदेशातून आलेली ती विजेवर चालणारी गाडी, खऱ्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती. एक मुलगा वडिलांबरोबर आला, माझ्याच वयाचा, आणि तुम्ही त्याच्यासाठी गुडघ्यांवर बसलात. तोंडापुढे दोन्ही हातांची ओंजळ करून शिट्टी घातलीत. ‘चला, परळ, चिंचपोकळी, भायखळा, उतरून घ्या!’ म्हणालात. तो खदखदून हसला. तुम्ही त्याचा हात धरून वेगाच्या बटणावर ठेवलात. ‘हळू फिरवायचं, साहेब. गाडी आपलीच आहे, कुठे पळून नाही जात.’ मी टेबलाच्या कडेला सरकले आणि एक बोट रुळाला लावलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. दुकानाच्या आवाजात म्हणालात, ‘बेबी, मागे उभी राहा. गिऱ्हाईक आहे.’

घरी मी ‘बाय’ होते. बेबी तुम्ही दुकानात येणाऱ्या कुठल्याही मुलीला म्हणत होतात, हे मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळून चुकलं. आजही कोणी कोणाला बेबी म्हटलं की माझे कान तापतात.

परतताना बसमध्ये तुम्ही खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन दिलीत आणि मी ती उघडली नाही. मी फुगलेय हे तुम्हाला कळलं असावं, कारण तुम्ही होऊन मला दुकानातली एक युक्ती सांगितलीत. ‘तो सीलबंद नग मी त्या साहेबांना काढून दाखवला, बघितलंस ना? सील फुटलं?’ मी मान हलवली. मी पाहिलं होतं. तुम्ही खोकं पालथं केलंत, तळाच्या घडीत अंगठ्याचं नख घातलंत, पुठ्ठा जराही न दुखावता घडी सोडवलीत आणि इंजिन बाहेर काढलंत. दाखवून झाल्यावर तसंच आत सरकवून तळाला पुसटसा डिंक. वरची चिकटपट्टी जशीच्या तशी. ‘गिऱ्हाईक वरून बघतं,’ तुम्ही म्हणालात, आणि मला वाटतं त्या दिवशी माझ्याकडे बघून तुम्ही तेवढंच हसलात. ‘वरून उघडलं की माल जुना झाला. बंद खोक्याला किंमत असते, बाय.’

तेच तुम्ही घरीही पाळलंत. वाहतुकीत कोपरा चेपलेलं खोकं काचेच्या कपाटात ठेवता येत नसे. तसा एखादा नग दुकानाचे शेठ दिवाळीला तुम्हाला देत. आत डबा कोरा, बाहेर पुठ्ठा दबलेला. कधी इंजिन, कधी मालडबा, कधी रुळांचा जुडगा, असं करत करत काळाचौकीच्या आपल्या खोलीच्या पोटमाळ्यावर एक अख्खी गाडी जमा झाली, जी कोणी पाहिली नव्हती. दादाने एकदा स्टूल लावून वर चढायचा प्रयत्न केला तर तुम्ही त्याला कान धरून उतरवलंत. खंडेनवमीला मात्र सगळी खोकी खाली यायची. आजोबा गिरणीत असताना मशीनला हार घालायचे. तुमच्याकडे पूजायला हत्यार नव्हतं म्हणून तुम्ही खोकी पाटावर मांडायचात, प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यावर हळदकुंकू, एकेक झेंडूचं फूल, आणि उदबत्ती विझली की परत वर. मध्यंतरी एका संग्राहकाला मी फोटो पाठवले होते. त्याने विचारलं, कोपऱ्यावर हे पिवळे-लाल डाग कसले, बुरशी आहे का?

ही खोकी माझ्या शिक्षणासाठी आहेत असं तुम्ही कधीतरी आईला म्हणालात आणि मी ते ऐकलं. त्यानंतर त्यांची राखण मी माझ्याकडे घेतली. आजोबा अंगठा उठवून पगार घेणारे, तुम्ही सातवीत शाळा सोडलेली, दादाने दहावी कशीबशी काढलेली. मी पुढे शिकणार होते, म्हणून मला वाटायचं की त्यातलं एकेक खोकं म्हणजे माझं एकेक वर्ष आहे. मी ती पुसायचे, डांबरगोळ्या बदलायचे, चिकटपट्टीचं टोक सुटलंय का बघायचे. आणि मनातल्या मनात त्या गिरगावच्या मुलाला उत्तर द्यायचे: तुला चाललेली गाडी मिळाली, मला न चाललेली मिळाली, आणि न चाललेलीची किंमत जास्त असते. शेवटी शिष्यवृत्ती मिळाली आणि एकही खोकं विकावं लागलं नाही. पण राखण चालूच राहिली. तुम्ही गेलात, चाळ पाडली, भाड्याच्या घरात राहून आलो, त्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला, आणि या सगळ्यात खोकी माझ्याच कपाटात होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथून ओल शोषून घेणाऱ्या पुड्या आणून मी त्यांच्यात ठेवल्या. हातमोजे घालून. दादा हसायचा. ‘अगं, ते खेळणं आहे, औषध नाही.’

मागच्या रविवारी सकाळी दादाच्या मुलीला कोणाच्या तरी वाढदिवसाला प्लास्टिकची आगगाडी मिळाली होती. बॅटरीवर चालणारी, कर्कश. ती ऐकून वहिनी म्हणाली, ‘हे काय भोंग्यासारखं? खरी गाडी घरात आहे ना. काढ गं वन्सं, तुझा खजिना.’ मी तिच्यापेक्षा लहान, तरी ती चेष्टेने मला वन्सं म्हणते, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, नको, बाबांनी कधी ती चालवली नाही. दादा म्हणाला, ‘बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोणाला विकणारेस?’ आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी कपाट उघडून दिलं. मला वाटलं होतं, वहिनी कात्री मागेल. मी कात्री आणायला वळलेही. वहिनी जमिनीवर मांडी घालून बसली, इंजिनाचं खोकं तिने मांडीवर घेतलं, पालथं केलं आणि तळाच्या घडीत अंगठ्याचं नख घातलं.

बाबा, तुमच्या दुकानात पाहिलेलं ते मी विसरले नव्हते. ते तिला कोणी शिकवलं हे मला सांगायची गरज नव्हती. इंजिन तिच्या हातात अलगद आलं. वरची चिकटपट्टी, जी मी वर्षानुवर्षं तपासत होते, ती तशीच होती. मी वरूनच बघत आले होते. गिऱ्हाइकासारखी.

त्यानंतरचं मी दारात उभं राहून पाहिलं. चाकांतलं जुनं तेल सुकून घट्ट झालं होतं, तर तिने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब काडीने लावला. रूळ फडक्याने घासले. इंजिन आधी नुसतं गुरगुरलं, मग तिने मागून बोट लावलं आणि ते निघालं. एकेक डबा तिने दोन बोटांनी धरून रुळावर पुढे-मागे झुलवत बसवला. आणि मग तोंडापुढे दोन्ही हातांची ओंजळ करून तिने शिट्टी घातली. तुमची. मुलगी म्हणाली, ‘मम्मी, परत!’ आणि तिने परत घातली.

संध्याकाळी ती कांदे चिरत होती तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ‘खालून उघडायचं तुला कोणी शिकवलं?’

‘कोणी म्हणजे? बाबांनी.’

‘कधी?’

‘अगं, साखरपुडा झाल्यावर मी दुपारची येऊन बसायचे ना त्यांच्याजवळ? तुझी परीक्षा होती, तू लायब्ररीत. आई पोळीभाजीच्या कामावर. ते आजारपणात एकटे पडून. एक दिवस म्हणाले, बाय, जरा पोटमाळ्यावर चढतेस?’

‘बाय म्हणाले?’

‘मग काय म्हणणार? मला बायच म्हणायचे.’ तिने डोळे मनगटाला पुसले. कांद्याने आलेलं पाणी. ‘मी म्हटलं, बाबा, मी वडाळ्याची, घरामागे यार्ड, रात्रभर शंटिंगचा खडखडाट. मला नको तुमची आगगाडी. तर म्हणाले, बस तर खरी. ही आवाज करत नाही.’

‘आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?’

‘त्यांनी शपथ घातली होती गं. म्हणाले, शेठला कळता कामा नये.’

‘कोण शेठ?’

वहिनीने सुरी खाली ठेवली. मला हे ठाऊक असेल असं तिला वाटत असावं. ‘तू,’ ती म्हणाली. ‘तुला शेठ म्हणायचे. जिन्यात तुझी चप्पल वाजली की, चल बाय, माल भर, शेठ आले! आणि मी धडाधड खोकी भरायचे, ते तिकडे पडल्या पडल्या तळांना डिंक लावायचे. हसू दाबता दाबता त्यांना खोकला यायचा.’ ती हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. ‘प्रेमाने गं. वन्सं? तोंड का असं केलंस?’

मला ते खोकले आठवतात, बाबा. मी पुस्तकांची पिशवी सांभाळत जिना चढून यायचे, दारातून दोघांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी आत आले की वहिनी तुम्हाला पाणी पाजत असायची. मी विचारायचे, काय झालं हसायला? तुम्ही म्हणायचात, ‘काय नाय गो, हिच्या मावशीची गंमत सांगत होती.’ खोलीत डिंकाचा वास असायचा. मला वाटायचं, औषधाचा. त्या महिन्यांत मी रोज धावत घरी यायचे आणि रोज उशिरा पोचल्यासारखं वाटायचं. ते का वाटत होतं, ते आत्ता कळतंय.

आणखी एक दिवस आठवतो. तेव्हा तुम्ही अजून उठून बसत होतात. मी आले तर इंजिनाचं खोकं तुमच्या मांडीवर होतं आणि तुमचा अंगठा चिकटपट्टीच्या टोकावर. वरून, बाबा, खालून नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते शब्द तुमचेच होते. ‘बाबा, वरून उघडलं की माल जुना होतो.’ मी खोकं हळूच तुमच्या हातातून घेतलं, पुसलं आणि वर ठेवून दिलं. तुम्ही म्हणालात, ‘बरोबर आहे तुझं.’ मला किती बरं वाटलं होतं! तुमची शिकवण पाळणारी घरात मी एकटी आहे, असं वाटलं होतं.

त्यासाठी मी माफी मागावी असं तुम्हाला वाटत असेल तर मी मागणार नाही. हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही जो नियम केलात तो मी तुमच्यापेक्षा नीट पाळला, आणि त्याचं बक्षीस म्हणून तुम्ही मला शेठ केलंत. ज्या शेठसमोर तुम्ही आयुष्यभर मान खाली घालून उभे राहिलात, ज्याची पाठ फिरली की तुम्ही पोरांसाठी शिट्ट्या घालायचात, तो. तुम्ही एकदा म्हणायचं होतंत, बाय, दार लाव, आज आपण चालवू. मी पुस्तक टाकून बसले असते. नसते का बसले? कदाचित किमतीबद्दल काहीतरी बोलले असते. पण बसले असते. तुम्ही मला विचारलंच नाहीत. परक्या घरातून आलेल्या, आगगाडीचा कंटाळा असलेल्या मुलीला विचारलंत. तिला नको होतं ते तिला मिळालं. दुपारच्या दुपार मिळालं. माझ्याकडे तुमच्या आजारपणाच्या काय आठवणी आहेत? गोळ्यांच्या वेळा, रिपोर्टांची फाइल, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. सगळं मी बिनचूक केलं. तुम्ही हसलेले सगळे क्षण तिच्याकडे आहेत.

हे सगळं मी तिला म्हणाले नाही. मी एवढंच विचारलं, ‘सगळी खोकी उघडली होतीत?’

‘एक सोडून,’ वहिनी म्हणाली. ‘तो दिव्यांचा डबा. मी हात घातला तर ओरडले माझ्यावर. इतक्या दिवसांत एकदाच ओरडले, पण काय ओरडले! म्हणाले, त्याला नाही शिवायचं. तो शेठचा आहे. तो तिचा ती उघडेल.’

तुम्ही तिच्यावर ओरडलात हे ऐकून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

तो डबा तुम्ही मला बारावीच्या निकालाच्या दिवशी दिलात. गाडीतला जेवणाचा डबा, खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून आतली टेबलं दिसतात, प्रत्येक टेबलावर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. त्या एकाच खोक्याचा कोपरा चेपलेला नव्हता. शेठकडून मिळालेला नव्हताच तो. तुम्ही विकत घेतला होतात, आणि आईला त्याबद्दल काही बोलू दिलं नव्हतंत. माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, ‘ह्याचे दिवे लागतात. पण रुळावर ठेवल्याशिवाय नाय लागत.’ आणि थांबलात. मी म्हटलं, ‘हो बाबा,’ आणि जपून ठेवून दिला. मग तुम्ही पाय धुवायला गेलात. मी ते वाक्य इतकी वर्षं माहिती म्हणून लक्षात ठेवलं होतं.

काल शनिवार. दादा कामावर, आई देवळात, मुलगी नाचाच्या क्लासला. रूळ अजून हॉलमध्येच आहेत, कोणी उचलायला तयार नाही. केर काढताना वळसा घालतात. वहिनी आत दूध तापवत होती. मी माझ्या कपाटातून माझं खोकं आणलं, रुळांचं बटण सुरू केलं आणि जमिनीवर बसले. तळाला हात लावून पाहिला. घडी कारखान्यातून आली तशी होती, कडक, डिंकाचा मागमूस नाही. मी ते वरून उघडलं. चिकटपट्टी सोलताना फाटली, तिच्याबरोबर पुठ्ठ्याचा रंग निघाला. मी हातमोजे घातले नव्हते. डबा हाताला थंड लागला.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा मी रुळावर वाकले होते आणि डबा एका अंगावर कलंडलेला होता. ती माझ्यासमोर रुळांच्या पलीकडे बसली. ‘दाबू नकोस,’ ती म्हणाली. ‘बाबा म्हणायचे, आपल्याला दिसत नाही, पण चाकाला कळतं. झुलव फक्त, ते आपलं आपण जाऊन बसतं.’ मी झुलवला. डबा कलंडला.

‘एक बाजू बसली की दुसरीची घाई नाही. बसमध्ये कसं, पहिला सरकला की मागचे सरकतात. असं म्हणायचे.’

मी परत ठेवला. परत कलंडला. वहिनीच्या जागी मी असते तर तो हातातून काढून घेऊन स्वतः बसवला असता. तिने घेतला नाही. ती तुमच्यासारखी गुडघ्यांवर आली आणि रूळ बोटाने धरून बसली. ‘अगं, पडू दे. ते म्हणायचे, दुकानात पोरगं घाबरलेलं दिसलं की मी मुद्दाम एकदा गाडी पाडायचो त्याच्या हातून. एकदा पाडली की मग भीत नाही.’

मी तो पुन्हा उचलला, पुन्हा वाकडा टेकवला. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग बोलावं की नाही असं तिला झालेलं दिसलं, आणि ती खाली रुळाकडे बघत बोलली. ‘एकदा म्हणाले होते, बाय, अख्ख्या गिरगावच्या पोरांनी माझी गाडी पाडली. माझ्या घरची दोन तेवढी राहिली.’

आत दूध उतू गेलं. ती ‘अगो बाई’ म्हणत धावली. मी बसून राहिले. ती परत आली तेव्हा डबा रुळावर होता, खिडक्यांतले सगळे दिवे लागले होते, आणि ती म्हणाली, ‘जमलं की, शेठ!’ मी मान हलवली. ती मला तसं म्हणाली त्याचा मला राग आला नाही, थोडासाच आला.

हे कागद मी ठेवणार नाही. या घरात वहिनीच्या हाती लागणार नाही अशी जागा नाही, आणि तिने हे वाचावं असं मला वाटत नाही. तिच्याकडे तुमचं आधीच पुष्कळ आहे. पण फाडण्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगते, तिला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. ती दूध तापवत आत होती तेव्हा, हात पुसत बाहेर यायच्या आधी, मी डबा पहिल्यांदा रुळावर ठेवला होता, आणि तो पहिल्याच वेळी बसला होता. दिवे लागले होते. मी ते पाहिले, एकटीने, थोडा वेळ. मग तिची पावलं ऐकली, आणि मी तो उचलून वाकडा ठेवला.